९६ तासांच्या पुढे

कायद्याने माशाकडे चार दिवस मागितले आहेत. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ यांच्या सहाव्या अनुसूचीत कारखान्याच्या सांडपाण्याची मानकं दिली आहेत. नदी-नाल्यात सोडायचं असेल तर बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी २५०, तरंगता गाळ १००, मग तेल, शिसं, क्रोमियम, सायनाइड अशी लांबलचक यादी. त्या यादीत मध्येच एक ओळ माशांची आहे. निव्वळ सांडपाण्यात, चांगल्या पाण्याचा थेंबही न मिसळता, मासे ९६ तास ठेवायचे. शंभरातले नव्वद जगले पाहिजेत. ही चाचणी कशी करायची यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं वेगळं मानकही आहे, आयएस ६५८२.

महाळुंग्यात सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत युटिलिटी खातं माझ्याकडे आहे. कॉम्प्रेसर, बॉयलर, डीजी सेट आणि सगळ्यांत मागे, कँटीनच्याही पलीकडे, ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प. त्यामुळे ही ओळ मला पाठ आहे. घरी हॉलमध्ये, जिथे लोक टीव्ही लावतात तिथे, चार फुटी काचेची टाकी आहे आणि तिच्यात डिस्कस आहेत. या छंदात सर्वांत नाजूक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते. दिवसा मी चार दिवसांच्या हिशोबाचं पाणी सांभाळतो आणि रात्री दहा वर्षांच्या हिशोबाचं. या दोन पाण्यांतला फरक प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवायच्या कुठल्याच अहवालात लिहायला जागा नाही.

डिस्कस मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या योहान हेकेलने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. बाजूने पाहिला तर गोल गरगरीत, समोरून पाहिला तर नुसती एक उभी रेघ. पुरात अ‍ॅमेझॉनचं पाणी जंगलात शिरतं, तेव्हा बुडालेल्या झाडांच्या मुळ्या-फांद्यांतून ही अंगकाठी सहज सरकते. पाणी पावसाइतकं मऊ, पानं कुजून तपकिरी झालेलं, आम्लधर्मी, आणि बाराही महिने कोमट. तिथे हा मासा मुळीच नाजूक नाही. शिकारी मासे, बगळे, पुराचा चढउतार हे सगळं सोसून तो जगतो, जोडी जमवतो, पिलं वाढवतो. नाजूक होतो तो काचेत आल्यावर. नदी जे फुकट करत असते ते सगळं काचेत कुणीतरी करावं लागतं, आणि ते करणारा माणूस सहसा पहिल्या महिन्यातच हौसेने मासा मारतो.

हौसेनेच मारतो. खायला कमी पडून मेलेला मासा मी पाहिलेला नाही. दिवसातून पाच वेळा चिमूटभर दाणे, रविवारी सगळं पाणी काढून टाकी लख्ख, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतलेला, आणि सोमवारी मासा आडवा. आमच्या दुकानदार शेठना हे ठाऊक आहे. नवी टाकी नेणाऱ्याला ते मासे लगेच देत नाहीत. "दादा, आधी नुसतं पाणी चालू ठेवा. महिन्याने या," म्हणतात. त्यातले अर्धे लोक त्याच संध्याकाळी दुसऱ्या दुकानातून मासे नेतात.

आमचं पाणी हा स्वतंत्र विषय आहे. हे महाळुंगे म्हणजे खेड तालुक्यातलं, तळेगाव–चाकण रस्त्यावरचं महाळुंगे इंगळे, बाणेर-बालेवाडीकडचं नव्हे. कुरिअरवाला हमखास तिकडे जातो. १९९९ मध्ये इथे बजाजचा कारखाना सुरू झाला, मग शेजारच्या निघोज्यात मोटारींचे मोठे कारखाने आले, शेतांच्या जागी शेड, शेडच्या मागे चाळी, चाळींच्या मागे सोसायट्या. माणसं भराभर आली, पाणी त्या वेगाने आलं नाही. सोसायटीच्या टाकीत कधी नळाचं, कधी बोअरचं, मार्चनंतर टँकरचं पाणी पडतं, आणि बहुतेक वेळा तिन्हींची सरमिसळ असते. बोअरचं पाणी काळ्या खडकातून क्षार घेऊन येतं. बाथरूमच्या मिक्सरवर पांढरा थर चढतो तो त्याचाच. टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे ड्रायव्हरला विचारलं तर तो "भरलाय ना साहेब, मग झालं" म्हणतो. त्याचंही खरंच आहे. माणसांना पाणी पाहिजे असतं, त्याचा इतिहास नको असतो.

डिस्कसला मात्र तो इतिहास लागतो. म्हणून बाल्कनीत एक दोनशे लिटरचा ड्रम आहे. या पट्ट्यात निळे ड्रम भंगारात स्वस्त मिळतात, निम्म्या चाळी त्यांत पाणी साठवतात. पण त्यांत पूर्वी काय होतं ते झाकणावरचं लेबल खरवडून टाकलेलं असल्याने कळत नाही. मी नवा घेतला. त्यात आरओचं पाणी आणि सोसायटीच्या टाकीचं पाणी मिसळायचं, टीडीएस मीटर बुडवून पाहायचं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून हायपोचे दोन-चार खडे टाकायचे. जुने फोटोग्राफर डार्करूममध्ये वापरत तेच हे हायपो. पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं आपलं मानक सांगतं, आणि ते बरोबर आहे, नाहीतर आपल्याला जुलाब होतील. पण तेवढ्याने माशाच्या कल्ल्यांची नाजूक पापुद्री भाजते. मग रात्रभर हवेचा पंप लावून पाणी मुरवायचं, टाकीच्या पाण्याइतकं कोमट करायचं, आणि सकाळी कामावर जाण्याआधी टाकीतला तिसरा हिस्सा पाणी काढून हे भरायचं. काढलेलं पाणी कुंड्यांना जातं. आमच्या जास्वंदीला त्याचा फायदा झालाय, हे घरात या छंदाबद्दल बोललं जाणारं एकमेव चांगलं वाक्य आहे.

गुरुवार हा इथला सुट्टीचा वार. कारखाने बंद, आणि देखभालीच्या नावाखाली लाइट जाण्याचाही वार तोच. लाइट जाऊन पंपाची हवा थांबली की टाकीत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. मासे वर येऊन तोंड उघडतात, ते दिसतं. स्पंजमधले जिवाणू गुदमरतात, ते दिसत नाही. गरम पाण्यात मुळात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. डिस्कस राहतो २९ ला, म्हणजे त्याच्या गंगाजळीत आधीच खडखडाट. त्यासाठी बॅटरीवरचा छोटा पंप आहे. हिवाळ्यात उलट काळजी. तळेगावच्या बाजूने गार वारं सुटलं की पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. अडीचशे लिटर पाणी हळूहळू निवतं हीच त्यातली मेहेरबानी. लाइट गेली तर टाकीवर गोधडी टाकायची. पाहुणे आले की त्यांना वाटतं आत पोपट आहे.

हे सगळं मी सांगतो तेव्हा लोक माशाकडे पाहतात. त्यांनी पाहायला हवं स्पंजकडे. कोपऱ्यात एक काळपट, बुळबुळीत, अगदी ओंगळ दिसणारा स्पंज बुडबुडे सोडत असतो. टाकीतला खरा कारभारी तोच.

मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. उरलेलं खाणं कुजून आणखी अमोनिया होतो. स्पंजवरचे एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषं, तिसरं बरंच सौम्य, ते पाणी बदलून कमी करता येतं. हे जिवाणू विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे केले. ते आळशी आहेत. त्यांची वसाहत जमायला महिना-सव्वा महिना लागतो आणि पैसे टाकून ती मुदत फारशी घटत नाही. शेठ "महिन्याने या" म्हणतात ते यासाठी.

ईटीपीतही हाच संसार, फक्त मोठा आणि जास्त घाणेरडा. तिथल्या एरेशन टँकमध्ये मुख्य काम करणारे जिवाणू वेगळ्या घराण्यातले, सेंद्रिय मळ खाणारे. पण त्यांना सांभाळायची रीत तीच. नवा ईटीपी चालू करायचा तर आजही महाराष्ट्रभर लोक टाकीत शेण आणि गूळ घालतात. करोडोंची गुंतवणूक, जर्मन पंप, आणि शेवटी पाटीभर शेण. मला यात कमीपणा वाटत नाही. १९१४ मध्ये मँचेस्टरजवळ डेव्हीह्युमला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी हीच पद्धत प्रथम सिद्ध केली. बाटलीतल्या मैलापाण्यात त्यांनी हवा फुंकत ठेवली. पहिल्या खेपेला ते पूर्ण शुद्ध व्हायला पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचं पाणी ओतून दिलं, खालचा गाळ मात्र फेकला नाही. त्याच गाळावर नवं मैलापाणी घातलं. असं करत करत आठवड्यांचं काम तासांवर आलं. त्याआधी सगळे जण गाळ टाकूनच देत होते. माझ्या दिवाणखान्यातला ओंगळ स्पंज आणि जगातल्या निम्म्या शहरांचे मैलाशुद्धीकरण प्रकल्प या एका न फेकलेल्या गाळाचे वारस आहेत.

आमच्या ईटीपीवरचा ऑपरेटर लातूरकडचा. त्याने यातलं काही वाचलेलं नाही, पण एरेशन टँकच्या कडेला उभा राहून तो नुसत्या वासावर सांगतो. "सायेब, आज कल्चर खुश हाय." कल्चर म्हणजे टाकीतले जिवाणू. पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास आला की खुश. सडका आला की हवा कमी. एक लिटरच्या काचेच्या नळीत पाणी घेऊन अर्धा तास गाळ बसू देतो, रेघ बघतो, वहीत लिहितो. दिवाळीत कंपनी बंद असते तेव्हा सांडपाणी येत नाही, म्हणजे जिवाणूंना जेवण नाही. तेव्हा तो सुट्टीतही एक दिवसाआड येऊन गूळ कालवून ओततो. त्याचा ओव्हरटाइम मंजूर करताना अकाउंट्सवाले दर वर्षी विचारतात, गूळ कशाला लागतो?

आता त्या माशांच्या ओळीकडे येतो.

गेल्या उन्हाळ्यात माझा एक डिस्कस काळवंडला. लाल अंगावर काळी झाक आली, एरवी न दिसणारे नऊ उभे पट्टे उठले, आणि तो फिल्टरमागच्या कोपऱ्यात तोंड किंचित खाली करून उभा राहिला. मेला नाही. जेवण टाकलं की पुढे यायचा, दाणा तोंडात घ्यायचा, चघळायचा, आणि बाहेर थुंकायचा. एक कल्ला चालू, एक जवळजवळ मिटलेला. दुसऱ्या दिवशी तसाच. चौथ्या दिवशी तसाच. आठवडा उलटला तरी तसाच.

"अहो, आहे ना जिवंत?" बायकोने विचारलं.

आहे, असं म्हणावं लागलं. कायद्याच्या भाषेत तो चाचणीत उत्तीर्ण होता, पुढच्या कित्येक ९६ तासांसाठी उत्तीर्ण होता. अमोनिया मोजला, शून्याच्या जरासा वर. पीएच मात्र टँकरच्या पाण्याने आठाकडे सरकलेला. इथे रसायनशास्त्र थोडं क्रूर आहे. पाण्यातला सगळा अमोनिया विषारी नसतो. पीएच ७ असताना त्याचा शेकडा एकही भाग विषारी रूपात नसतो, पण पीएच एकने वाढला की तो भाग जवळपास दहापट होतो. मापकावर आकडा तोच राहतो, आणि मासा मात्र कोपऱ्यात जातो. लिटरला ०.०२ मिलिग्रॅमच्या आसपास हा विषारी, म्हणजे मुक्त, अमोनियाही संवेदनशील माशांना दीर्घकाळ नको असं मानतात. सहाव्या अनुसूचीत सांडपाण्याला मुक्त अमोनियाची मुभा आहे ५ मिलिग्रॅमची. अडीचशे पट.

आकडा वाचून चिडायला होतं, पण कायदा करणारे अगदीच अडाणी नव्हते. नदीत पाणी असेल, सोडलेलं सांडपाणी त्यात मिसळून पातळ होईल, असं त्यांनी धरलं होतं. शिवाय लिटरला ५ मिलिग्रॅम मुक्त अमोनिया असलेल्या पाण्यात बरेचसे मासे चार दिवस टिकणारच नाहीत, म्हणजे अनुसूचीतली माशांची ओळ अमोनियाच्या ओळीवर परस्पर लगाम घालते. माझी तक्रार आकड्याबद्दल कमी आणि मुदतीबद्दल जास्त आहे. चार दिवसांत फक्त मरण मोजता येतं. रंग उडणं, दाणा थुंकणं, कोपरा धरणं, जोडी न जमणं, अंडी न उबणं यांतलं काहीही चार दिवसांत मावत नाही. हे सगळं होत असताना मासा जिवंतच असतो, आणि वहीत तशी नोंदही होते.

त्या माशासाठी औषध घातलं नाही. पहिल्यांदा तेच हातात येतं, आणि औषधाने स्पंजवरचे कारभारी मरतात. पाणी थोडं थोडं, रोज बदलत गेलो, आरओचं प्रमाण वाढवलं, खाणं जवळजवळ बंद केलं, दिवा मंद केला. बाकी वाट पाहिली. कारखान्यात काही बिघडलं की लोक तुमच्याभोवती उभे राहतात आणि तुम्ही काहीतरी करताना दिसावं लागतं. टाकीपाशी हात मागे बांधून उभं राहायला मला बरीच वर्षं लागली. पट्टे हळूहळू फिके झाले. एका सकाळी तो इतरांच्या आधी काचेशी आला आणि त्याने दाणा गिळला.

पुढे त्याच टाकीत एक जोडी जमली. उपड्या घातलेल्या मातीच्या उभट कुंडीचा बाहेरचा भाग दोघं तोंडाने घासत बसले, अगदी भांडी घासावीत तसे. मादीने खालून वर ओळीने अंडी चिकटवली, नर मागून फिरत गेला. पहिल्या काही खेपा अंडी पांढरी पडली. जड पाण्यात ती बहुधा उबत नाहीत. मग पाणी आणखी मऊ केलं, आणि एकदा अंड्यांमध्ये काळे ठिपके दिसले, अडीच दिवसांत शेपट्या वळवळल्या.

पिलं पोहायला लागली की जे होतं ते या छंदातलं सर्वांत विलक्षण. ती आईबापाच्या अंगाला लागतात आणि तिथलीच साय खातात. डिस्कसच्या कातडीतून पिलांसाठी एक श्लेष्म पाझरतो. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये तो तपासला तेव्हा त्यातल्या प्रथिनांची आणि रोगप्रतिकारक द्रव्यांची पातळी पिलांच्या गरजेप्रमाणे वाढते, आणि साधारण तीन आठवड्यांनी आईबाप पिलांना टाळायला लागतात, असं दिसलं. सस्तन प्राणी अंगावरचं तोडतात त्याच्याशी फार जुळणारं. जवळून पाहिलं तर आणखी एक दिसतं. बाप थकला की अंगाला एक झटका देतो, आणि सगळी पिलं एका दमात आईच्या अंगावर जातात. थोड्या वेळाने आई झटका देते. मध्ये एकही पिलू हरवत नाही. ज्या पाण्यात हे होतं ते पाणी माझ्या मते चांगलं. बाकी सगळे अहवाल त्याच्या अलीकडचे.

या मापाने नदी मोजायला गेलं की अवघड होतं. महाळुंग्यापासून इंद्रायणी लांब नाही. निघोजे-मोईच्या अंगाने ती वाहते, वरच्या बाजूला देहू, खालच्या बाजूला आळंदी. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम, तुळापूरला भीमेत विसर्जन. कर्नल विल्यम साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर निबंध प्रसिद्ध केला, त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या मोठ्या महासीरचं वर्णन आहे. त्याच्या शास्त्रीय नावात आजही साइक्सने टिपलेला ‘खुद्री’ आहे. हा मासा इंद्रायणीतही होता. देहू-आळंदीच्या डोहांत मासे मारायचे नाहीत हा रिवाज जुना, त्यामुळे तिथे तो बिनधास्त वाढायचा आणि वारकऱ्यांच्या हातचे मुरमुरे खायचा. खळाळतं, गार, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि स्वच्छ गोट्यांचा तळ असेल तरच तो वीण करतो. म्हणजे तोही नाजूकच म्हणायचा, फक्त हातभर लांब.

आता देहूजवळ मेलेले मासे काठाला लागल्याच्या आणि आळंदीला पात्रावर फेस तरंगत असल्याच्या बातम्या येतात. फेस दिसला की सगळ्यांची बोटं आमच्या दिशेला वळतात. कंपन्या धुतल्या तांदळाच्या आहेत असं मी म्हणणार नाही. मी आतून पाहिलेलं आहे. पण नदीला रोज मिळणाऱ्या घाणीत मोठा वाटा घरांचा आहे. साबण, मैला, खरकटं, आमच्या सोसायट्यांचं, चाळींचं, वरच्या गावांचं. कंपनीच्या सांडपाण्याला निदान ती माशांची ओळ तरी आहे. आमच्या मागच्या नाल्याला कुणी ९६ तास विचारत नाही.

लोणावळ्यात वळवण तलावाकाठी टाटा पॉवरचं महासीर संवर्धन केंद्र १९७० च्या दशकापासून आहे. तिथे कृत्रिम विणीतून महासीरची पिलं तयार करतात, आणि ती देशभरच्या जलाशयांत गेली. काम मोठं आहे, त्याबद्दल आदर आहे. पण सोडलेला मासा आणि त्याच पाण्यात जन्मलेला मासा यांत मला आता पूर्वीपेक्षा जास्त अंतर दिसतं.

सध्या मात्र माझ्यासमोर वेगळाच मासा आहे. वरच्या मजल्यावरच्या काकांनी नातवासाठी छोटी टाकी आणली होती, तिच्यात काच साफ करायला म्हणून एक सकर. बोटाएवढा असताना हा मासा दहा दुकानांत मिळतो आणि कुणी त्याचं पुढे काय होतं ते सांगत नाही. तो हातभर वाढला. काका एका संध्याकाळी बादली घेऊन दारात.

"मी म्हटलं, उद्या देहूला जाऊन नदीत सोडून येतो. जीव वाचेल, पुण्यही लागेल."

"काका, असं करू नका. मला द्या."

सकरही दक्षिण अमेरिकेतलाच, डिस्कसच्याच बाजूचा. पण त्याची गोष्ट पूर्ण उलटी आहे. पाण्यातला प्राणवायू संपला तर तो वर येऊन हवेचा घोट गिळतो आणि पोटाच्या भिंतीतून प्राणवायू घेतो. अंगावर हाडांच्या ढाली, त्यामुळे त्याला खाणारं फारसं कुणी नाही. लोकांनी असाच पुण्यासाठी सोडलेला सकर आता उजनीच्या जाळ्यांत सापडतो. जाळी फाडतो, आणि बाजारात त्याला भाव नाही. इंद्रायणी भीमेत जाते आणि भीमा उजनीत. काकांच्या बादलीला वाट मोकळीच होती.

ऑपरेटरला मी हे सहज सांगितलं, तर त्याचे डोळे चमकले. आमच्या ईटीपीच्या शेवटी, शुद्ध झालेलं पाणी बागेकडे जातं तिथे, पाहुण्यांना दाखवायला एक माशांची टाकी आहे. सगळीकडे असते. ऑडिटच्या आठवड्यात कुठे कुठे तिच्यातले मासे फारच ताजेतवाने दिसतात, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

"सायेब, त्यो आपल्या टाकीत सोडू. मरतच न्हाई म्हणता ना?"

"म्हणूनच नाही सोडायचा."

त्याला ते लगेच पटलं नाही. पाणी कसंही असलं तरी जो हवा गिळून जगतो त्याची साक्ष काय कामाची, असं मी म्हणालो, तर तो म्हणाला, "पण ऑडिटरला कुठं ठाव?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तिथे साधे गप्पीच ठेवायचं ठरलं, आणि मेले तर मेल्याचं वहीत लिहायचं, बदलायचे नाहीत. पहिल्याच महिन्यात त्यातले काही मेले. त्याने लिहिलं. मग आम्ही दोघांनी मागे जाऊन हवेच्या ब्लोअरची एक फुटकी नळी शोधून काढली. ती नाहीतर पुढच्या ऑडिटपर्यंत सापडली नसती.

सकरला डिस्कसच्या टाकीत ठेवता येत नाही. रात्री तो त्यांच्या अंगाला चिकटून तीच साय खरवडतो. कंपनीत नाही, नदीत नाही, काकांना परत नाही. म्हणून तो बाल्कनीत ड्रमशेजारी प्लास्टिकच्या मोठ्या टबात आहे. काकडीची फोड टाकली की रात्रभर किसत बसतो, सकाळी साल तेवढी उरते. टबामुळे कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. "याचं काय ते एकदा ठरवा," असं बायको दर रविवारी म्हणते. सकर नीट सांभाळला तर पंधरा वर्षंही जगतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.